गुडघ्याच्या गादीला टाके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात सुई-धागा देण्यात माझी वीसहून जास्त वर्षं गेली, आधी नाशिकच्या मुंबई नाक्याजवळ, नंतर गंगापूर रोडला. डॉक्टरांना विचारायचे राहून गेलेले प्रश्न लोक सिस्टरला विचारतात. आता मी थिएटरमध्ये उभी राहत नाही, पण प्रश्न थांबलेले नाहीत. दिंडोरीहून येतात, निफाडहून येतात, सिडकोतून तर रात्री अकरालाही येतात. बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. तुमच्या गुडघ्याचा निर्णय तुमच्या सर्जनचा. मी इथे धाग्याच्या बाजूने बोलणार आहे.

१. गादी फाटली आणि गादी झिजली, हे एकच ना?

एकच नाही. या पानावरचे निम्मे प्रश्न या एका शब्दाच्या घोळातून आलेत. मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना गादी म्हणतो. मणक्यातली चकती, ती इथे बाजूला ठेवू. उरल्या गुडघ्यातल्या दोन.

पहिली म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत, पांढरं आवरण. डॉक्टर त्याला कार्टिलेज म्हणतात, पुस्तकात कूर्चा. शहाळ्यातल्या मलईसारखं दिसतं, पण घट्ट असतं. बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड, वाटीच्या मागे त्याहून जाड. ही झिजते.

दुसरी म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्या मध्ये बसवलेल्या दोन चंद्रकोरी, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. याला मेनिस्कस म्हणतात. हीसुद्धा कूर्चाच, पण तंतुमय, चिवट. ही फाटते.

टाके घालतात ते मुख्यतः दुसरीला. तुमच्या कागदावर यांतलं काय लिहिलंय ते आधी बघा आणि मग पुढे वाचा.

२. फाटलेल्याला टाके घालतात, तर झिजलेल्याला का नाही घालत? माझ्या आईला तेवढंच पुरे झालं असतं.

झिजलेल्या ठिकाणी ओढून जवळ आणायला दोन कडा उरलेल्या नसतात. साडी फाटली तर शिवता येते. विरली तर कशात टाका घालणार?

त्यातही हाडावरच्या या कूर्चाची मोठी अडचण म्हणजे तिला रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून आणि खालच्या हाडातून होतं. आपल्याला खरचटलं की रक्त येतं, त्याची गुठळी होते, त्या गुठळीत नवीन पेशी शिरतात आणि जखम भरते. कूर्चाच्या पातळ थराला चीर गेली तर ही साखळी सुरूच होत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडलं होतं की नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांत आपण त्यावर बरेच उपाय शोधले, पण त्याचं म्हणणं मुळातून खोटं ठरलेलं नाही.

आईंसाठीचे उपाय वेगळे: वजन, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, औषधं आणि अगदीच शेवटी सांधा बदलणं. या पृष्ठभागावरही काही वेळा धागा लागतो. तो अपवाद प्रश्न १३ मध्ये आहे.

३. टाका घातला म्हणजे गादी जोडली गेली का?

टाका काहीच जोडत नाही. तो दोन कडा एकमेकींना लावून धरतो, तेवढंच. जोडायचं काम रक्ताचं आणि पेशींचं, आणि त्याला महिने लागतात. कलम बांधताना पट्टी आवळतो तसंच हे आहे. पट्टी सैल झाली तर कलम जुळत नाही, आणि पट्टी कितीही घट्ट असली तरी फांदीत जीव नसेल तरीही जुळत नाही. द्राक्षवाल्या मंडळींना हे मला समजावून सांगावं लागत नाही.

४. एमआरआयमध्ये "ग्रेड २ टियर" लिहिलंय. टाके लागतील का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा घाबरून येतो. ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आत दिसणारा पांढरट बदल, जो पृष्ठभागापर्यंत पोचलेला नाही. ती चीर नव्हे. वयानुसार, वापरानुसार असे बदल होतात. पृष्ठभागाला भिडलेल्या रेषेला ग्रेड ३ म्हणतात आणि खरी चीर तीच. रिपोर्ट लिहिणाऱ्याने ग्रेड २ पुढे "टियर" हा शब्द टाकला की घरात सुतक पडल्यासारखं होतं, म्हणून मुद्दाम सांगते.

ग्रेड ३ असला तरी टाके लागतातच असंही नाही. गुडघा अडकतो का, किती दुखतो, लिगामेंट शाबूत आहे का, चीर कुठल्या भागात आहे, हे सगळं बघतात. भागाचं महत्त्व पुढच्या प्रश्नात.

५. ऑपरेशनच्या कागदावर "रेड-रेड", "रेड-व्हाइट" असं लिहिलंय. हे काय?

चंद्रकोरीची बाहेरची जाड कड सांध्याच्या पिशवीला चिकटलेली असते आणि तिथून तिच्यात रक्त येतं. आतली पातळ कड मोकळी असते, तिथे रक्त नाही. अमेरिकेतल्या अर्नोक्झी आणि वॉरन यांनी १९८२ मध्ये या रक्तवाहिन्यांचा नकाशा मांडला. मोठ्या माणसाच्या गादीत बाहेरच्या साधारण १० ते ३० टक्के रुंदीतच रक्त पोचतं, असं त्यातून दिसलं.

चिरेच्या दोन्ही बाजूंना रक्त असेल तर रेड-रेड, आणि तिथे टाका घालणं सार्थकी लागतं. एका बाजूला असेल तर रेड-व्हाइट: प्रयत्न करतात, तरुणात जास्त उत्साहाने. दोन्ही बाजू कोरड्या असतील तर व्हाइट-व्हाइट, आणि तिथे बहुतेक वेळा सुटलेला तुकडाच काढतात.

जन्माला येतं त्या वेळी बाळाची सगळी गादी रक्ताळलेली असते. वय वाढतं तसं रक्त कडेकडे सरकतं आणि दहाव्या वर्षाच्या सुमाराला मोठ्यांसारखं होतं. कबड्डीत गुडघा पिरगळलेल्या शाळकरी पोरांच्या बाबतीत सर्जन टाक्यांसाठी हट्ट धरतात, कारण पुढची पन्नास-साठ वर्षं त्याच गादीवर काढायची असतात.

६. तुकडा काढून टाकला तर लगेच चालता येतं म्हणे. मग टाक्यांचा खटाटोप कशाला?

खरं आहे, लगेच चालता येतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला लोक तेच मागायचे आणि मिळायचंही तेच.

गादी शिवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. एडिंबराच्या थॉमस अ‍ॅनन्डेल यांनी १८८३ मध्ये एका खाणकामगाराचा गुडघा उघडून सुटलेली गादी कॅटगट नावाच्या धाग्याने टाचली होती. पण ती वाट मागे पडली. पुढे कित्येक दशकं गादी म्हणजे एक निरुपयोगी अवशेष समजून ती सर्रास पूर्ण काढली जायची. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून दाखवलं की त्या बाजूचं अंतर कमी होतं, हाडाला कड येते, सांधा सपाट होतो. तरीही सवय सुटायला वेळ लागला. टोकियोत इकेउची यांनी १९६९ मध्ये दुर्बिणीतून पहिली शिवण घातली आणि हळूहळू वारं फिरलं.

गादी वजन पसरवते. ती गेली की तेवढंच वजन छोट्या जागेवर येतं आणि खालची कूर्चा, म्हणजे प्रश्न १ मधली पहिली गादी, झिजायला लागते. म्हणून शिवण्याजोगी असेल तर शिवावी, असं आता बहुतेकांचं मत आहे. आणि शिवण्याजोगी नसेल तर उगाच शिवू नये, असं माझं. काठावरच्या केसमध्ये टाके घालून सहा महिन्यांनी परत टेबलवर आलेले पेशंट मी पाहिलेत.

७. आतले टाके कशाचे असतात? ते विरघळतात ना?

काही विरघळतात, काही जन्मभर राहतात. गादीसाठी आज जास्त करून न विरघळणारे वापरतात, आणि हे ऐकून लोक दचकतात.

विरघळणाऱ्यांत व्हिक्रिल आणि पीडीएस ही नावं तुम्ही बिलावर पाहिली असतील. व्हिक्रिल विणलेला, बहुधा जांभळा धागा. दोन आठवड्यांनी त्याची पाऊण ताकद उरते, तीन आठवड्यांनी निम्मी, आणि दोन-सव्वादोन महिन्यांत तो नाहीसा होतो. पीडीएस एकेरी, गुळगुळीत. चार आठवड्यांनी त्याची निम्मी ताकद असते, सहा आठवड्यांनी पाव, आणि पूर्ण जायला सहा महिन्यांच्या आसपास. इथे लोक एक गल्लत करतात: धागा दिसेनासा होण्याची तारीख वेगळी आणि त्याचा जोर संपण्याची वेगळी. जोर फार आधी संपतो. गादी तर सावकाश जुळणारी. मग सहाव्या आठवड्याला पाव ताकदीचा धागा तिला कसा पुरणार?

म्हणून न विरघळणारे आले. एथिबाँड म्हणजे विणलेला पॉलिस्टर. त्याहून चिवट म्हणजे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या तंतूंचे धागे, फायबरवायर त्यातलाच, आत पॉलिएथिलीनचा गाभा आणि वरून पॉलिस्टरचं वेष्टण. हे हाताने तुटत नाहीत. नव्या मुली पहिल्यांदा कापायला जातात तेव्हा साधी कात्री बोथट होते, त्यांना खास कात्री लागते.

चिवटपणाचीही किंमत असते. कडक धाग्याची गाठ हाडाच्या कूर्चावर घासली तर तिथे ओरखडा पडतो. आणि मऊ गादीत बारीक, टणक धागा जोरात आवळला तर तो उकडलेलं अंडं दोऱ्याने कापतात तसा आरपार जातो. गाठ किती आवळायची, हे हात शिकतो, पुस्तक नाही.

८. पाकिटावर २-०, ६-० असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे जाड धागा का?

उलट. शून्याच्या आधीचा आकडा वाढला की धागा बारीक. २-० म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, आणि गादीच्या टाक्यांना बहुधा हाच किंवा याच्या आगेमागचा. ६-० म्हणजे ०.१ मिलिमीटरहूनही कमी, केसासारखा. तो चेहऱ्याला आणि प्रश्न १३ मधल्या कामाला.

९. आम्ही माळकरी आहोत. धागा प्राण्याचा असतो का?

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका, ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर कळून मनाला लागलेलं मी पाहिलंय. कॅटगट हा जुना धागा मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्यापासून बनतो. मांजराशी त्याचा संबंध नाही. शरीरातली पाचकद्रव्यं तो पचवतात, त्यामुळे आजूबाजूला सूज जास्त येते आणि ताकद लवकर जाते. गादीच्या कामाला तो आता घेत नाहीत. प्रश्न ७ मधले सगळे धागे कारखान्यात रसायनांपासून बनतात.

पण धाग्यापुरतं विचारून थांबू नका. पेशी-रोपणात (प्रश्न १३ बघा) वापरलं जाणारं कोलाजेनचं पटल डुकरापासून बनवलेलं असू शकतं, आणि फिब्रिन ग्लू माणसाच्या रक्तद्रवापासून बनतो. तुमच्या ऑपरेशनमध्ये या दोन्ही गोष्टी लागणार आहेत का, एवढं विचारलं की पुरे.

१०. "इनसाइड-आउट" आणि "ऑल-इनसाइड" यांत चांगलं काय? दुसऱ्याचा खर्च जास्त सांगितलाय.

तीन वाटा आहेत, आणि नावं अक्षरशः धाग्याच्या प्रवासाची आहेत.

आतून बाहेर: दुर्बिणीतून बघत, वाकड्या नळीतून लांब लवचीक सुया गादीतून आरपार बाहेर काढतात. एका धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया. गुडघ्याच्या बाजूला एक लहान छेद घेऊन त्या पकडतात आणि गाठ सांध्याबाहेर, पिशवीवर बांधतात. नवीन पद्धती अजूनही याच पद्धतीशी तोलल्या जातात. सुया बाहेर पडतात तिथे नसा आहेत: आतल्या बाजूला सॅफिनस, बाहेरच्या बाजूला पेरोनियल. तो छेद या नसा बाजूला सारून धरायलाच घेतात. तिथे चमच्यासारखा रिट्रॅक्टर धरून बसणाऱ्या मदतनिसाचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही, पण पेशंटचा पाय सुन्न पडला नाही याचं निम्मं श्रेय त्याचं असतं.

बाहेरून आत: पोकळ सुई कातडीतून आत घालून तिच्यातून धागा सरकवतात. गादीच्या पुढच्या भागाला हे सोपं पडतं, कारण तिथे इतर नळ्या वळत नाहीत.

सगळं आतून: तयार उपकरण येतं. त्यात दोन चिमुकले अँकर आणि मध्ये आधीच बांधलेली सरकगाठ. अँकर पिशवीपलीकडे जाऊन अडकतात, गाठ ओढली की टाका बसला. वेगळा छेद नाही, वेळ कमी, मागच्या भागाला सोयीचं. प्रत्येक टाक्याला एक उपकरण, म्हणून बिल वाढतं.

चांगलं काय? चिरेची जागा ठरवते. एकाच गुडघ्यात मागे उपकरण, मध्ये सुया आणि पुढे पोकळ सुई, असं तिन्ही वापरलेलं मी कितीदा तरी टेबलवर मांडून दिलंय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन आणि उपकरण बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या.

११. किती टाके घातले की पक्कं? माझ्या मित्राला सात आणि मला तीनच.

चीर जेवढी लांब तेवढे टाके. साधारण अर्ध्या सेंटीमीटरला एक असा अंदाज धरतात. मित्राची चीर मोठी होती, एवढाच त्याचा अर्थ.

संख्येपेक्षा टाक्याची दिशा बघण्यासारखी आहे. गादीतले मुख्य तंतू चंद्रकोरीच्या कडेकडेने, लांबीच्या दिशेने धावतात. मार्केट यार्डात मेथीची जुडी बांधताना दोरा देठांना आडवा फिरवतात. तो देठांच्या दिशेने लावला तर जुडी हातात सुटून येईल. गादीतही "उभा टाका" तंतूंच्या जुडीला असाच वेढतो आणि घट्ट धरतो. "आडवा टाका" तंतूंच्या दिशेनेच पडतो, त्यामुळे ताण आला की तो तंतूंमधून फाकत जाण्याची भीती जास्त. आडवाही वापरतात, जिथे उभा पोचत नाही तिथे. गादीची जाडी आडवी दुभंगली असेल, पुरणपोळीचे दोन पदर सुटावेत तशी, तर दोन्ही पदर कवेत घेणारा वेढा टाकतात.

१२. जिना उतरताना मागे "कट्" वाजलं. "रूट टियर" निघालं. हे साधं फाटणं का?

साधं नाही. चंद्रकोरीची दोन टोकं हाडात रुजलेली असतात, त्यांना मूळ म्हणतात. मागचं मूळ उपटलं की अख्खी गादी बाहेर सरकते. दोरीचा खुंटा निघाल्यावर दोरी शाबूत असून काय उपयोग? सांध्यावरच्या दाबाच्या हिशेबात हे गादी पूर्ण काढून टाकल्यासारखंच भरतं. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांत हे बरंच दिसतं, आणि मला प्रश्न विचारणाऱ्यांत कांदे लागणीला उकिडवं बसणाऱ्या कितीतरी जणी असतात. "वय झालं, झीज आहे" म्हणून महिनोन्महिने गोळ्या खाल्लेल्याही असतात.

इथे गादीचे दोन तुकडे एकमेकांना शिवत नाहीत, गादी हाडाला शिवतात. टोकात न विरघळणारे धागे ओवायचे, नडगीच्या हाडात बारीक बोगदा पाडायचा, धागे त्यातून ओढून पुढच्या बाजूला काढायचे आणि छोट्या धातूच्या बटणावर बांधायचे. शर्टाच्या बटणासारखंच ते दिसतं. इथे जुळणी हाडाच्या रक्ताने होते, म्हणून प्रश्न ५ मधला रंगांचा हिशेब या चिरेला लागत नाही. पण आधीच कूर्चा बरीच झिजली असेल किंवा पाय फार वाकडा झाला असेल, तर नुसते धागे टिकत नाहीत.

१३. प्रश्न २ मध्ये म्हणालात पृष्ठभागाला टाके नसतात. मग माझ्या भावाच्या बिलावर "कार्टिलेज" आणि ६-० धागा कसा?

हा तो अपवाद. तरुण माणसाच्या कूर्चात एकाच ठिकाणी खड्डा पडलेला असेल आणि बाकी सांधा चांगला असेल, तर त्याच्याच पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवून परत सोडता येतात. स्वीडनच्या ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हे जगासमोर आणलं. त्यांनी हाडावरचं पातळ पटल घेऊन ते खड्ड्यावर झाकणासारखं शिवलं आणि खाली पेशींचं द्रावण सोडलं. झाकण गळू नये म्हणून जवळजवळ टाके. पापडाच्या लाटीवर भरतकाम करावं तितकं नाजूक काम, म्हणून केसासारखा विरघळणारा धागा आणि कडेला फिब्रिन ग्लू.

यातही मेख होती. चांगल्या कूर्चातून सुई गेली की तिथे भोक पडतं, आणि ते भोक भरत नाही. त्यामुळे पुढे पेशी आधीच जाळीवर किंवा जेलमध्ये रुजवून त्या ग्लूने चिकटवण्याकडे कल वळला. इथे धागा जितका कमी तितकं बरं, आणि हे माझ्यासारखीने सांगावं म्हणजे बघा.

आणखी एक प्रसंग: वाटी निसटताना मुलांत कूर्चाचा तुकडा हाडासकट उडतो. लवकर हाती लागला तर तो जागेवर बसवून विरघळणाऱ्या पिनांनी किंवा वरून धाग्याची फुली घालून धरतात. खालच्या हाडातून रक्त येतं, म्हणून तो जुळू शकतो.

१४. टाक्यांसोबत "रक्ताची गुठळी" टाकू म्हणाले. हे प्रायोगिक आहे का?

जुनीच युक्ती आहे. पेशंटचंच रक्त घोळून त्याची चिकट गुठळी बनवतात आणि ती चिरेत टाक्यांखाली ठेवतात. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट, त्याच वेळी नवं बसवलं तर त्यासाठी हाडात पाडलेल्या बोगद्यांमुळे सांध्यात आपोआप रक्त आणि मज्जा उतरते, आणि अशा गुडघ्यात गादी जास्त चांगली जुळते. नुसत्या गादीच्या ऑपरेशनमध्येही म्हणून कधी हाडाला दोन-चार बारीक भोकं पाडतात.

१५. बाराव्या दिवशी टाके काढले. म्हणजे आता सगळे टाके निघाले ना?

निघाले ते कातडीचे. आतले आहेत तिथेच आहेत आणि त्यांना कुणी हात लावत नाही. या गैरसमजातून एक गृहस्थ तेराव्या दिवशी पाटावर मांडी घालून जेवायला बसले होते. पुढचं मी सांगायला नको.

१६. मांडी कधी घालू? गड कधी चढू? छाटणीला कधी जाऊ?

तारखा तुमचा सर्जन आणि फिजिओ देतील. त्या एकसारख्या का नसतात, ते सांगते.

गुडघा ९० अंशांपलीकडे वाकला की गादीचा मागचा भाग मागे ढकलला जातो आणि दाबला जातो. टाके बहुधा तिथेच असतात. म्हणून पहिले चार ते सहा आठवडे ९० च्या आत. मांडी, उकिडवं बसणं, भारतीय संडास, नमाज किंवा साष्टांग नमस्कार, हे सगळं किमान चार महिने आणि अनेकदा सहा महिने बंद. गावी घरी कमोड नसेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा. हे शेवटच्या दिवशी आठवतं आणि मग धावपळ होते.

पाय टेकवण्याचं वेगळं आहे. लांबीच्या दिशेने गेलेली चीर सरळ पायावर वजन टाकल्याने दाबून बसते, म्हणून ब्रेस लावून लवकर टेकवू देतात. आडवी, आरपार चीर किंवा मूळ असेल तर तेच वजन चीर फाकवतं. मग सहा आठवड्यांच्या आसपास कुबड्या. म्हणजे शेजाऱ्याचं वेळापत्रक तुम्हाला लागू नाही.

द्राक्षछाटणी उभ्याने होते, ती कांद्याच्या लागणीपेक्षा आधी जमते. वणीच्या गडाला ट्रॉली आहे, तिचा उपयोग करा, देवी रागावत नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी त्या वर्षी सोडा: चिखल, दगड, अंधार आणि गर्दी, पाय पिरगळायला याहून चांगली जागा नाही. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांचंही तेच.

१७. माझं वय ५६. टाके घालणार नाही म्हणाले. वयामुळे टाळलं का?

नुसत्या वयाने नाही. या वयात बऱ्याच चिरा विरलेल्या गादीतल्या असतात, टाका धरायलाच कापड नसतं. अशा चिरा तासून काढण्याचाही फायदा किती, यावर फिनलंडमधला २०१३ चा अभ्यास बोलका आहे. ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांत साधारण निम्म्यांची गादी खरोखर तासली, बाकीच्यांना दुर्बिणीने आत नुसतं बघून गादी तासल्याचा आव आणला. वर्षभराने दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. म्हणून आधी व्यायाम सांगतात, तो टाळाटाळीचा सल्ला नव्हे. गुडघा अडकून सरळच होत नसेल किंवा प्रश्न १२ मधलं मूळ सुटलं असेल, तर ५६ ला सुद्धा विचार होतो.

१८. आत अँकर आणि बटण आहे. पुन्हा एमआरआय करता येईल?

धागे अधातू, अँकर बहुधा प्लॅस्टिकजातीचे, बटण बहुधा टायटॅनियमचं. सहसा अडचण येत नाही. तरी डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि यंत्रात शिरण्याआधी सांगा.

१९. आठ महिन्यांनी एमआरआय केला, त्यात पुन्हा ग्रेड ३ आलं. टाके उसवले?

थांबा. जुळलेल्या गादीतही ती पांढरी रेषा दीर्घकाळ, कधी वर्षानुवर्षं दिसत राहते. व्रण असतो तो. गुडघा दुखत नाही, सुजत नाही, अडकत नाही, तर नुसत्या फोटोवरून टाके उसवले असं कुणी म्हणत नाही. नव्याने पिरगळला, सूज आली, वाकवताना मध्येच अडकला, तर मात्र दाखवा. आणि रिपोर्ट करणाऱ्याला आधीच्या टाक्यांबद्दल सांगा. माहीत नसेल तर तो बिचारा "टियर" च लिहिणार.

२०. मुलगा कुस्ती खेळतो. कान सुजलाय, तालमीतले म्हणतात पैलवानाचा कान असाच असतो. भिकबाळी टोचलेल्या ठिकाणीही असंच होतं का?

गुडघा सोडून विचारलेला हा एकच प्रश्न ठेवते, कारण यात वेळ महत्त्वाची आहे. कानाची कूर्चा तिच्यावरच्या पातळ पटलातून पोसली जाते. घासून, आदळून त्या दोहोंमध्ये रक्त साचलं की खालची कूर्चा उपाशी पडते आणि कान कायमचा गाठाळतो. काही दिवसांत रक्त काढलं तर कान वाचतो. पण नुसतं सुईने ओढलं तर ते पुन्हा भरतं, म्हणून कानाच्या दोन्ही बाजूंना गुंडाळी ठेवून आरपार टाके घालतात आणि पटल दाबून धरतात. इथेही टाका फक्त धरायचंच काम करतो.

भिकबाळीचं दुखणं वेगळं. ती कानाच्या वरच्या, कूर्चाच्या भागात टोचतात. पाळीत टोचलेलं सहज भरतं, कूर्चात जंतू शिरला तर तो चिवट निघतो. टोचल्यावर कान लाल, गरम, ठणकणारा झाला तर हळद लावून वाट बघू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. कूर्चा एकदा विरघळली की शिवायला काही उरत नाही, आणि शूर्पणखेच्या गावात कान-नाक गेल्याचे विनोद आयुष्यभर ऐकावे लागतात.